नायट्रोजनच्या फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रममधला (प्रकाशाने बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांच्या आलेखातला) कुठला पट्टा कुठल्या ऑर्बिटलचा (रेणूतल्या इलेक्ट्रॉनच्या अवस्थेचा), हे कसं ओळखायचं? माझ्या हार्ट्री-फॉक गणनेत पाय ऑर्बिटल सिग्माच्या वर येतं, पुस्तकात उलटं आहे.

उत्तर:

तुमची गणना चुकलेली नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉनला इतरांचं फक्त सरासरी क्षेत्र जाणवतं असं धरणारं हार्ट्री-फॉक नायट्रोजनसाठी असाच क्रम देतं. ऑर्बिटलच्या ऊर्जेचं चिन्ह बदललं की आयनीकरण ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) मिळते, हा कूपमन्सचा नियम धरताना इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्यांची फेरमांडणी आणि त्यांचा परस्परसंबंध, दोन्ही सुटतात. बहुतेक वेळा या दोन चुका एकमेकींना बऱ्यापैकी खोडतात. इथे सिग्मा आणि पाय अगदी जवळ असल्यामुळे उरलेला फरक क्रमच उलटवतो. या दोन्ही गोष्टी हिशेबात घेणारी ईओएम-आयपी-सीसीएसडी ही पद्धत चालवून बघा, क्रम सरळ होईल.

पण ओळख पटवायला मी आधी स्पेक्ट्रमच बघेन. हीलियमच्या दिव्याच्या २१.२२ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) प्रकाशात आयनीकरण ऊर्जेच्या अक्षावर तीन पट्टे दिसतात: १५.५८ वर, १६.७ पासून पुढे आणि १८.७५ वर. त्यांच्या जागेपेक्षा आकार जास्त बोलका आहे. पहिल्यात एकच उंच टोक आणि ०.२७ ईव्ही पुढे एक बारीक टोक. दुसरा म्हणजे शिडीच: ०.२३ ईव्हीच्या पायऱ्या, त्यातली दुसरी सर्वांत उंच. तिसरा पुन्हा जवळजवळ एकटं टोक, अंतर ०.२९. टोकांमधलं अंतर म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या आयनच्या कंपनाची पायरी; मूळ रेणूचं कंपनही ०.२९ चंच. म्हणजे शिडीतला इलेक्ट्रॉन गेला की बंध लांबतो आणि सैल पडतो. तेच बंधकारक पाय ऑर्बिटल. पहिला जेमतेम बंधकारक सिग्मा, तिसरा किंचित प्रतिबंधकारक.

मोजताना अंशांकनाचा वायू (ज्याच्या टोकांच्या जागा माहीत आहेत असा) नमुन्याबरोबरच सोडा. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणाऱ्या विश्लेषकाच्या पृष्ठभागावर रेणू चिकटले की संपर्क विभव (वेगवेगळ्या पृष्ठभागांमधला आपसूक विभवफरक) बदलतं आणि सगळा स्पेक्ट्रम काही शतांश ईव्हीने सहज सरकतो. नायट्रोजनसाठी मात्र आर्गॉन मिसळू नका: त्याची टोकं १५.७६ आणि १५.९४ वर, आणि नायट्रोजनचं ते बारीक टोक नेमकं मध्ये, १५.८५ वर. विभेदन (जवळची टोकं सुटी दाखवण्याची क्षमता) कमी असेल तर ते गडप होतं. झेनॉन घ्या, १२.१३ आणि १३.४४. आर्गॉन विभेदन तपासायला वेगळा वापरा. त्याची दोन टोकं सुटी झाली नाहीत तर शिडीही नीट सुटणार नाही.

१३.७१ ला छोटं टोक दिसलं तर नवीन अवस्था समजू नका. दिव्यातून २३.०९ ईव्हीचा प्रकाशही थोडा येतो, ही त्याने पाडलेली पहिल्या टोकाची सावली. १२.६२ ला टोकदार रेषा म्हणजे नळीत पाणी राहिलंय.

पट्ट्यांची उंची एकमेकांशी ताडून इलेक्ट्रॉन मोजायचा मोह टाळा. तिसऱ्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन जेमतेम २.५ ईव्हीचे असतात आणि भटक्या चुंबकीय क्षेत्राने लगेच वळतात. म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं) कवच नीट बसलेलं नसेल तर हाच पट्टा आधी खचतो.