शब्दशंका : ‘चरितार्थ’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : ‘चरितार्थ’ आणि ‘गुजराण’ एकच का? हिंदीत ‘कहावत चरितार्थ हुई’ म्हणतात, त्याचा पोटापाण्याशी काय संबंध?

उत्तर : संस्कृतात चरित (केलेला, पार पाडलेला) + अर्थ (हेतू), म्हणजे ज्याचा हेतू साधला तो. हिंदीने हाच अर्थ धरला. मराठीत मात्र तो जगण्यापुरत्या मिळकतीपाशी स्थिरावला. मोठा हेतू पोटापर्यंत आला म्हणा ना! म्हणून ‘म्हण चरितार्थ झाली’ हे आजच्या मराठीत हिंदी वळणाचे वाटते. ‘म्हण खरी ठरली’ लिहावे.

चरितार्थ पुल्लिंगी, तो ‘चालतो’ किंवा ‘चालवतात’ : ‘शिकवण्यांवर घरचा चरितार्थ चालतो.’ गुजराण फारसीतून आलेली, स्त्रीलिंगी. ती ‘होते’ किंवा ‘करतात’, आणि तिच्यात ओढाताण गृहीत असते. सुखवस्तू डॉक्टरची ‘गुजराण’ लिहिलीत तर वाचक हसेल. ‘उदरनिर्वाह’ दोन्हींपेक्षा तटस्थ, अर्ज-विनंत्यांत शोभणारा. निलंबित कर्मचाऱ्याला मिळतो तो ‘निर्वाहभत्ता’ त्याच कुळातला.

‘चरित्रार्थ’ ही नेहमीची चूक. चरित्राशी गल्लत झाल्याने तो ‘त्र’ घुसतो.