सर्दीच्या गोळीची मागची बाजू

प्रिय,

एलएसडी सोडून वर्ष उलटलं, तरी भिंतीवर टीव्हीच्या मुंग्यांसारखे ठिपके दिसतात, हात हलवला की मागे त्याचा माग रेंगाळतो. आता नाक गळतंय, तर गोळी घेतल्यानं हे वाढेल का, असं विचारलंस. वाढू शकतं; गोळीत काय आहे त्यावर ते अवलंबून. तुझ्या या त्रासाला, म्हणजे भास घडवणारी नशा सोडल्यावरही दिसण्यात उरणाऱ्या बिघाडाला, एचपीपीडी म्हणतात; त्याबद्दलची बरीचशी माहिती एकेका रुग्णाच्या नोंदींतून आलेली आहे, तेव्हा 'अमुक गोळीनं हमखास वाढतं' म्हणणाऱ्यावर फार विसंबू नकोस.

स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाच. नेहमीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फिनाइलेफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन २ आणि कधी कॅफिन ३० असं सगळं एकत्र असतं. पॅरासिटामॉलची भीती नको. क्लोरफेनिरामिन मात्र मेंदूत शिरतं. गुंगी येते ती त्यामुळेच. त्यानं डोळ्याची बाहुली मोठी होऊन जवळचं धूसर दिसू शकतं, दिव्याभोवतीची वलयं जास्त जाणवू शकतात. खोकल्याच्या काही सिरपमधलं डायफेनहायड्रामिन त्याच घराण्यातलं. फिनाइलेफ्रिन आणि कॅफिन धडधड वाढवतात, झोप मोडतात. आणि झोप मोडली, काळजी वाढली की ठिपकेही वाढतात. गंमत म्हणजे तोंडानं घेतलेलं फिनाइलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत नाही, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीनं २०२३ मध्ये एकमतानं सांगितलं. म्हणजे फायदा नाहीच, वर धडधड.

खरा संशयित डेक्स्ट्रोमेथॉर्फन. कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये तो ५ मिलिलिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम असतो. जास्त मात्रेत तो मेंदूतले एनएमडीए रिसेप्टर (संदेश टिपणारे कप्पे) अडवतो आणि स्वतःच भास घडवतो. काहींच्या यकृतात तो जन्मतःच सावकाश मोडतो, त्यांना साधी मात्राही चढते. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तर तीही त्याचं विघटन रोखतात, शिवाय मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढून थरथर, घाम, गोंधळ होऊ शकतो. तू हे सिरप घेऊच नकोस.

मग घ्यायचं काय? ताप, अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, सहा तासांच्या अंतरानं, दिवसात ३ ग्रॅमच्या आत. नाकाला मिठाच्या पाण्याचा स्प्रे. अगदीच चोंदलं तर ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब, पण तीनच दिवस, नाहीतर थेंब थांबवले की नाक पुन्हा गच्च होतं. खोकल्याला कोमट पाण्यात चमचाभर मध. शिंका ॲलर्जीच्या असतील तर फेक्सोफेनाडिन; ते मेंदूत फारसं शिरत नाही. लिव्होसेटिरिझिनसोबत माँटेलुकास्ट लिहून दिलं तर डॉक्टरांना आधी विचार: २०२० पासून अमेरिकेत माँटेलुकास्टवर मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा छापतात.

एका वेळी एकच नवं औषध घे. ठिपके वाढले तर लगेच गोळीला दोष देऊ नकोस. ताप आणि जागरण हेही तेच करतात. मानसोपचाराची गोळी चालू असेल तर सर्दीपायी ती मनानं बंद करू नकोस.

एक डोळा झाकून बघ, मग दुसरा. एचपीपीडीत दोन्हींनी सारखंच दिसतं. एकाच डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके अचानक वाढले किंवा कडेनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर ते सर्दीचं नाही, एलएसडीचंही नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. त्यांनाही काय घेतलं होतंस ते लपवू नकोस.

तुझा,
दादा