चंगीझ खानाचं म्युझियम बघणं म्हणजे खुन्याचा उदोउदो का?

"मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला चाललोय, चंगीझ खानाच्या म्युझियमला अख्खा दिवस द्यावा का, की तिथे नुसता एका कसायाचा उदोउदो असेल?" असं तुम्ही विचारलंय. द्या दिवस. उदोउदोचं म्हणाल, तर त्यावरून आमच्या साडूंशी माझं चांगलंच वाजलेलं आहे.

2023 च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये नांतच्या किल्ल्यात चंगीझ खानावर मोठं प्रदर्शन लागलं. ते खरं तर 2020 लाच व्हायचं, चीनमधल्या इनर मंगोलियाच्या म्युझियमबरोबर. पण चिनी अधिकाऱ्यांचं फर्मान आलं: 'चंगीझ खान', 'साम्राज्य', 'मंगोल' हे शब्द काढा, मजकूर आणि नकाशे आमच्याकडून पास करून घ्या. म्हणजे नवरदेवाला वगळून वरात! नांतवाल्यांनी प्रदर्शन लांबणीवर टाकलं आणि मग थेट मंगोलिया देशाला सोबत घेऊन उभं केलं. एखाद्या सरकारला आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव एवढं टोचत असेल, तर ते प्रदर्शन मी तरी चुकवणार नाही.

साडू तेव्हा आमच्याकडे आलेले, त्यांना घेऊन प्रदर्शनाला गेलो. आत शिरल्या शिरल्या यांचं सुरू, "लुटारूला काचेत ठेवलाय, आणि वर तिकीट!" मी बाणांच्या टोकांपाशी रेंगाळलो होतो. हाडाचं पोकळ बोंड, त्याला बारीक भोकं पाडलेली. बाण सुटला की शीळ घालत जाणार. किती सफाईचं काम, आणि कशासाठी! हे दाखवायला वळलो तर साडू बाकावर बसून फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतायत. एक पाटी वाचली असेल तर शपथ. रात्री जेवताना मात्र इतिहासावर प्रवचन.

त्यांचं एक खरं आहे, तेही सांगून टाकतो. टपालचौक्या, व्यापारी रस्ते, सगळ्या धर्मांच्या पुरोहितांना करमाफी, हे ऐसपैस मांडलं जातं. 1221 च्या मर्व आणि निशापूर या जिंकलेल्या शहरांतल्या कत्तली दोन ओळींत उरकतात. मी नांतचं पाहिलंय, उलानबातरचं म्युझियम 2022 ला उघडलंय आणि मी तिथे गेलेलो नाही. पण तिथे तो राष्ट्रपुरुष. शहराबाहेर त्याचा 40 मीटर उंच अश्वारूढ पुतळा आहे. तेव्हा कौतुक असणारच, आणि त्याला नाकं मुरडायचा अधिकार निदान आपल्याला नाही.

फक्त सोबत साडूंसारखा माणूस नेऊ नका. चंगीझ हिंदुस्थानला घाबरून सिंधूवरून परत फिरला, असं ते अजून ठासून सांगतात. अहो, 1221 मध्ये सिंधूकाठी त्यानं मध्य आशियातल्या ख्वारज्म राज्याच्या जलालुद्दीनच्या फौजेचा फडशा पाडला. जलालुद्दीननं घोड्यासकट नदीत उडी टाकली, दिल्लीला आसरा मागितला, आणि तिथल्या सुलतान इल्तुत्मिशनं गोड बोलून त्याला वाटेला लावलं. यात घाबरलं कोण, साडू?