आई-बाबांना घेऊन ऑस्लोत जुन्या हॉटेलात राहावं का?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये आई-बाबांना घेऊन चार दिवस ऑस्लोला जाताय, तर एखादं नवं चेन हॉटेल घ्यावं की बोन्डेहाइमेनसारखं जुनं, आणि जुन्यात खोल्या फार लहान असतात का. मी आईला घेऊन तिथे तीन रात्री राहिलोय, त्यामुळे सरळ सांगतो, जुनंच घ्या.

आधी ते हॉटेल आहे काय ते कळलं पाहिजे. बोन्डे म्हणजे शेतकरी, हाइम म्हणजे घर. गावाकडून शहरात आलेल्या तरुण मंडळींनी 1899 मध्ये एक संस्था काढली, 1901 मध्ये काफिस्तोवा नावाची खानावळ सुरू केली आणि 1913 मध्ये हे हॉटेल, म्हणजे कामासाठी शहरात येणाऱ्या गावच्या माणसाला परवडेल अशी राहायची सोय आणि ओळखीचं जेवण. तेव्हा शहराचं नावसुद्धा ऑस्लो नव्हतं, क्रिस्तियानिया होतं, ते बदललं 1925 मध्ये. आपल्याकडे धोबीतलावला गोव्याच्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या राहायच्या जागा, आहेत ना, किंवा गिरगाव-लालबागला कोकणातल्या गावांच्या खोल्या, त्याच भावनेतून उभी राहिलेली ही जागा आहे. काफिस्तोवा हा शब्दही गावच्या बोलींतून घडवलेल्या नीनोर्स्क या लेखी नॉर्वेजियनमधला आहे, शहरी वळणाच्या भाषेतला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, आपली बोली शहरात आणून दारावर लावायची म्हणजे साधी गोष्ट नाही.

आता खोल्यांचं. तिकडच्या जुन्या इमारतींत खोल्या आटोपशीरच असतात, तेव्हा दोन मोठ्या बॅगा उघडून पसरायचा विचार सोडा, प्रत्येकी एक मध्यम बॅग न्या. डबल बेड म्हणजे बहुतेक वेळा दोन सिंगल बेड चिकटवलेले आणि दुलया दोन वेगळ्या, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. टॉयलेटला जेट स्प्रे नसतो, घरून एक मग न्यावा. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. आणि जूनच्या शेवटी सूर्य मावळतो साडेदहानंतर आणि चारच्या आसपास परत उगवतो, त्यामुळे जाड पडदे रात्री नीट शेवटपर्यंत ओढून घ्या, नाहीतर बाबा चारला उठून चहा मागतील.

नाश्ता मात्र चुकवू नका, घाई करून तर अजिबात नको. तिथे तपकिरी चीजचा ठोकळा असतो, ब्रूनोस्त म्हणतात, दुधातून चीज काढल्यावर उरलेलं पाणी खव्यासारखं आटवत आटवत करतात. सोबत एक चपटी पट्टी असते, मधे फट असलेली, ती ठोकळ्यावरून ओढली की कागदासारखा पातळ काप निघतो (ही पट्टी थोर ब्योर्कलुंड नावाच्या नॉर्वेजियन सुताराने 1925 मध्ये काढली, रंध्यावरून सुचली त्याला). आईने पहिला काप तोंडात टाकला आणि म्हणाली, अरे हा तर कंदी पेढा, फक्त खारट. मग रोज कुरकुरीत पावावर तोच. शाकाहारी असाल तर रोमेग्रोत कुठे दिसलं तर मागवा, आंबट सायीची खीर, वर दालचिनी, साखर आणि लोणी, फक्त सोबत वाळवलेलं मांस देतात ते नको म्हणून आधीच सांगा.

जागा भर शहरात आहे, कार्ल युहान हा मुख्य रस्ता दोन-तीन मिनिटांवर, राजवाडा चालत दहा-एक मिनिटं. विमानतळ जवळपास 50 किलोमीटर लांब आहे, पण टॅक्सी करू नका, फार महाग पडते. व्ही (Vy) या तिकडच्या रेल्वे कंपनीची साधी ट्रेन पकडा आणि मुख्य स्टेशनवर न उतरता पुढच्या नॅशनल थिएटर स्टेशनवर उतरा, तिथून सामान ओढत पाचेक मिनिटांत पोचता. बाबा 67 किंवा त्याहून मोठे असतील तर ज्येष्ठांचं तिकीट निम्म्या भावात मिळतं, त्याला होनोर म्हणतात, मशीनवर तेच निवडा.

बुकिंग झालं की हॉटेलला एक मेल टाका, की वयस्कर मंडळी आहेत, शांत बाजूची आणि लिफ्टजवळची खोली मिळेल का. आम्ही विचारलं होतं आणि मिळाली.