नव्या गाडीचे रनिंग-इन आणि इंजिन ऑईल: वडिलांचे ऐकावे की मेकॅनिकचे?

तुम्ही दसऱ्याला १.२ लिटरची, टर्बो नसलेली पेट्रोल गाडी घेतली आहे. रनिंग-इनच्या, म्हणजे नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर नीट बसण्याच्या काळात, पहिले दोन हजार किलोमीटर काटा चाळीसच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, असे वडिलांचे म्हणणे आहे. गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० ऑईल लिहिले आहे, तर ओळखीचा मेकॅनिक म्हणतो की नाशिकच्या उन्हाळ्यात एवढे पातळ ऑईल टिकणार नाही, १५डब्ल्यू-४० टाका. त्यातच येत्या रविवारी घरच्या पाच जणांना घेऊन वणीला सप्तशृंगी गडावर जायचे आहे, आणि नवी गाडी घाटात घालावी की नाही, असे तुम्ही विचारले आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनांचे बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणे) आणि होनिंग (त्याची आतली भिंत घासून तयार करणे) करणाऱ्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी २३ वर्षे काम केले असल्यामुळे या प्रश्नातला निदान अर्धा भाग माझ्या हाताखालून गेलेला आहे.

वडिलांपासून सुरुवात करतो. त्यांच्या काळी ते बरोबर होते. अँबॅसेडर आणि फियाटच्या दिवसांत नव्या किंवा नुकतेच बोअर केलेल्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी लावत असत आणि मागचे लोकही समजून घेऊन पुढे निघून जात. तेव्हा सिलिंडरचा पृष्ठभाग आजच्या मानाने खडबडीत असे आणि ऑईल साधे मिनरल असे, त्यामुळे इंजिन फार तापले तर पिस्टन धरण्याची, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसण्याची, भीती खरी होती. आज मात्र ‘हळू’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला नाही, तर काळजीपोटीच नुकसान होऊ शकते.

होनिंग केलेला सिलिंडर तुम्ही कधी पाहिला नसेल, म्हणून सांगतो. आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषांचे जाळे असते. बल्बच्या उजेडात पाहिले तर विणलेल्या कापडासारखे दिसते आणि त्यावरून नख ओढले तर अगदी हलकी खरखर लागते. त्या रेषांत ऑईल धरून राहते, आणि रेषांमधले उंचवटे पिस्टनच्या रिंगांवर घासून बसतात. हे घासून बसणे म्हणजेच रनिंग-इन. यातली कळीची गोष्ट अशी की रिंग भिंतीवर केवळ स्वतःच्या ताणाने दाबली जात नाही. सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा तयार होणारा वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरतो आणि तो तिला बाहेर भिंतीकडे ढकलतो. इंजिनावर भारच दिला नाही तर हा दाब तुटपुंजा राहतो, रिंग अर्धवट टेकते, उंचवटे नीट झिजण्याऐवजी नुसतेच चकाकतात आणि त्यावर जळलेल्या ऑईलचा थर चढतो. आमच्याकडे याला ‘बोअर ग्लेज झाला’ म्हणत. एकदा तसे झाले की ऑईल वर चढून जळत राहते, आणि इंजिन खोलून पुन्हा होनिंग केल्याशिवाय त्यावर खात्रीचा उपाय नसतो.

दुसऱ्यांचे बोअर होन करणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीचे काय केले, तेही कबूल केले पाहिजे. माझी पहिली नवी गाडी मी अंड्यावरून चालल्यासारखी चालवली. गंगापूर रोडवर चौथ्या गिअरमध्ये चाळीसने, इंजिन गुरगुरत असतानाही गिअर न उतरवता. काही महिन्यांतच ती दर तीन हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑईल पिऊ लागली, आणि पुढे हेड उतरवले तेव्हा दोन सिलिंडर आरशासारखे गुळगुळीत दिसले. त्याला माझी हळुवार चालच कारणीभूत होती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते बोअर पाहिल्यापासून ‘चाळीसच्या वर नको’ हा सल्ला मी कोणाला दिलेला नाही.

आता दिलाशाची बाब. अलीकडच्या बहुतेक इंजिनांत कारखान्यातच त्या उंचवट्यांची टोके कापून सपाट केलेली असतात. त्याला प्लॅटो होनिंग म्हणतात. त्यामुळे पूर्वी रस्त्यावर होणारे बरेचसे काम गाडी शोरूममध्ये येण्यापूर्वीच झालेले असते आणि तुमच्याकडे उरतात ते साधारण पहिले हजार किलोमीटर. या काळात वेगाच्या काट्यापेक्षा आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या, काट्याकडे लक्ष द्या. इंजिन गरम झाल्यावर दोन ते साडेतीन हजारांच्या दरम्यान फिरू द्या, चार हजारांच्या पुढे नेऊ नका, ॲक्सिलरेटर तळाला टेकवू नका. पण मधूनमधून तिसऱ्या गिअरमध्ये मोकळेपणाने वेग घ्या आणि मग पाय काढून गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्या. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होते आणि थोडे ऑईल वर रिंगांपर्यंत खेचले जाते, म्हणून भार देणे आणि भार काढणे या दोन्हींचा उपयोग आहे. या दृष्टीने त्र्यंबक रोडसारखा चढउतारांचा, मध्येच वाहतूक लागणारा रस्ता उत्तम. समृद्धी महामार्गावर क्रूझ कंट्रोल लावून तासन्‌तास एकाच वेगाने जाण्याचा मोह मात्र एवढे हजार किलोमीटर तरी आवरा. द्वारका चौकातल्या कोंडीत अर्धा तास नुसते घुरघुरत उभे राहणेही नव्या इंजिनाला मानवत नाही, पण ते कोणाच्याच हातात नाही.

सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटे उभ्या उभ्या तापवण्याची गरज नाही. अर्धा मिनिट थांबा, निघा आणि पहिले काही किलोमीटर बेताने चालवा. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे पाणी तापले. ऑईल त्याच्या मागून तापते.

ऑईलच्या बाबतीत मेकॅनिकचा तर्क ऐकायला पटतो, पण तो एका चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. बाहेर मे महिन्यात चाळीस अंश असोत किंवा जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर घसरलेला असो, तापलेल्या इंजिनातले ऑईल साधारण नव्वद ते एकशे दहा अंशांच्या आसपासच असते, कारण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांचे कामच ते आहे. डब्याच्या आकड्यातला दुसरा भाग, म्हणजे २०, ३० किंवा ४०, हा १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती जाड राहते ते सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला प्रवाह सांगतो आणि त्याची कसोटी आपल्या थंडीपेक्षा कितीतरी कठोर असते: ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंश, ५डब्ल्यूसाठी उणे ३०, १५डब्ल्यूसाठी उणे २०. नाशिकमध्ये कोणतेच ऑईल गोठणार नाही, हे खरे. तरी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पहाटे ०डब्ल्यू ऑईल १५डब्ल्यूपेक्षा लवकर वरपर्यंत पोहोचते, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्या सुरुवातीच्या क्षणांतच होते.

दुसरे असे की आजच्या इंजिनात ऑईल केवळ वंगण नसते. व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा ऑईलच्याच दाबावर चालते आणि तिच्या वाटा अरुंद असतात. बेअरिंगमधल्या फटीही ठरावीक जाडीचे ऑईल गृहीत धरून ठेवलेल्या असतात. १५डब्ल्यू-४० टाकले म्हणून उद्या इंजिन बंद पडणार नाही, पण मायलेज कमी होईल, पहाटेचे ऑईल उशिरा पोहोचेल, आणि वॉरंटीत वाद निघाला तर तुमची बाजू कमकुवत होईल. म्हणून पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० असेल तर तेच टाका. पुस्तिकेतच पर्याय म्हणून ५डब्ल्यू-३० दिले असेल तर तेही निश्चिंतपणे चालेल. डब्यावर ऑईलची प्रत म्हणून एपीआय एसपी असे लिहिलेले असावे. २०२० मध्ये आलेली ही प्रत टर्बो इंजिनांसाठी आणि टायमिंग चेनसाठी विशेष महत्त्वाची आहे, पण साध्या इंजिनालाही चालते. डिझेल गाडी असती तर उत्तर वेगळे झाले असते, कारण बीएस-६ डिझेलच्या धुराड्यातल्या फिल्टरला कमी राख सोडणारे ऑईल लागते.

ब्रँडविषयी मी मुद्दाम काही सांगत नाही. योग्य आकडा, योग्य प्रत, शाबूत सील आणि पक्के बिल, एवढे पाहिले तर नामांकित कंपन्यांमधला फरक तुमच्या वापरात जाणवणार नाही. रिकामा डबा मात्र भंगारवाल्याला देण्यापूर्वी चेपून टाका, कारण त्यात नकली माल भरून विकणारे आहेत. सिंथेटिक ऑईल इतके निसरडे असते की रिंगा बसतच नाहीत, ही समजूतही सोडून द्या. शेव्हरोले कॉर्व्हेट १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑईल भरून बाहेर पडत आली आहे आणि तिच्या रिंगा व्यवस्थित बसतात.

पहिल्या मोफत सर्व्हिसला बहुधा नुसती तपासणी होते, ऑईल बदलत नाहीत. त्यात फसवणूक नाही. हजार किलोमीटरला स्वखर्चाने बदलावे, अशी जुन्या लोकांची पद्धत आहे; पुस्तिकेत त्याला मनाई नसेल तर नुकसान नाही, पण गरजही नाही. त्याच वेळी कोणी इंजिन फ्लश किंवा घर्षण कमी करणारे ॲडिटिव्ह सुचवले तर नम्रपणे नकार द्या. जिथे थोडे घर्षण व्हायलाच हवे तिथे ते कमी करण्याचे औषध पैसे देऊन कशाला घालायचे? गाडी रोज दोन किलोमीटरच चालत असेल तर मात्र किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता वर्षाच्या मुदतीत ऑईल बदला, कारण अशा फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि ओलावा व पेट्रोल ऑईलमध्येच साचत राहतात.

खरे लक्ष द्यायचे ते डिपस्टिककडे, म्हणजे ऑईलची पातळी मोजायच्या पट्टीकडे. पहिल्या हजारात दर दोनशे-अडीचशे किलोमीटरला सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी पाहा आणि डायरीत लिहून ठेवा. किंचित उतरणे स्वाभाविक आहे. वरच्या खुणेच्या वर असणेही वाईटच. एकदा एका ठिकाणाहून सर्व्हिस करून आणलेल्या माझ्या गाडीत ऑईल खुणेच्या बोटभर वर होते आणि डिपस्टिकवर चक्क फेस दिसत होता, कारण क्रँक त्यात घुसळत होती. अर्धा लिटरहून जास्त काढावे लागले.

रविवारी गडावर अवश्य जा. नाशिकहून दिंडोरीमार्गे सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता आहे. नांदुरीनंतरच्या घाटात पाच माणसे बसलेली असताना चौथा गिअर धरून इंजिन गुरगुरवू नका. दुसऱ्या-तिसऱ्यात अडीच-तीन हजारांवर शांतपणे चढा, एसी जड वाटला तर तेवढ्यापुरता बंद ठेवा. उतरताना त्याच गिअरमध्ये या, कारण ब्रेकचे पॅडही अजून नवे आहेत आणि त्यांना बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. पायथ्याला नांदुरीत चहाला थांबाल तेव्हा वडिलांनाच बॉनेट उघडून डिपस्टिक पाहायला सांगा. त्यांच्या पिढीला ती कापडाने पुसून, पुन्हा घालून, मग वाचायची हे शिकवावे लागत नाही.