दिवसभर वावरात, तरी 'डी' नऊ?

दादा, तुमच्या आईचं व्हिटॅमिन डी ९ आलं आणि शेजारी म्हणतात, "यवतमाळच्या उन्हात कसली कमतरता? लॅबवाल्यांचा धंदा आहे." सरकारी दवाखान्यात औषधं देताना मलाही आधी असंच वाटायचं. रक्तात मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी. आईंचं त्याच्या निम्म्यालाही नाही, तेव्हा रिपोर्टवर शंका घेण्यात वेळ घालवू नका.

आई वावरात कशा जातात ते आठवा. लुगड्यावर बाबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला दुपट्टा, फक्त डोळे उघडे. निंदणाला, वेचणीला साऱ्या बाया तशाच जातात आणि ते शहाणपणाचंच आहे. पण मग उन्हात राहतात कोण, तर हाताचे पंजे! त्यात रंग सावळा. कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे सावळा रंग देणारं द्रव्य, उन्हातले यूव्ही-बी किरण शोषून घेतं. त्यानं कातडी वाचते, पण डी बनतं तेही त्याच किरणांनी. गोऱ्या माणसाचं जेवढ्या वेळात भागतं, त्याच्या कितीतरी पट वेळ सावळ्याला लागतो. वय झालं की कातडीची ताकदही घटते.

सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसवता म्हणालात. बसू द्या, बरं वाटतं. पण डी साठी ते जवळपास फुकट. सूर्य तिरपा असला की यूव्ही-बी वरच्या वर ओझोनमध्ये अडकतात. आपली सावली आपल्याहून आखूड असेल ते ऊन कामाचं. आपल्याकडे डिसेंबरातही भर बाराला ती जेमतेम उंचीएवढी होते. हिवाळ्यात दुपारी अंगणात बाह्या वर करून, पाठ उन्हाला देऊन अर्धा तास बसवा. काचेच्या खिडकीआडून उपयोग नाही, काच हे किरण अडवते. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी बाहेर नको, डी च्या नादात ऊन लागायचं.

इतकं कमी असताना नुसतं ऊन पुरत नाही. डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे देतील. जेवणानंतर किंवा दुधातून द्या, ते चरबीत विरघळतं. आणि "आठवड्यातून एक" हे पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. माझ्या साडूनं महिनाभर रोज एक घेतली. त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. उलट्या, बद्धकोष्ठ, बोलण्यात भ्रम. रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं, भरती करावं लागलं. मुतखडा झालेला असेल तर तेही आधीच डॉक्टरांना सांगा. खाण्यात ताक, तीळ असू द्या. कॅल्शियम नसेल तर एकट्या डी नं हाड भरत नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. कंबर-मांड्या दुखतात, उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, हे डी च्या कमतरतेत होतं. पण आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या बोअरला फ्लोराइड जास्त आहे, आणि त्यानंही हाडं दुखतात, सांधे आखडतात. गावातल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात का बघा. दिसत असतील तर ग्रामपंचायतीला सांगून पाण्याचा नमुना तपासायला पाठवा. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं तर आईंसाठी पिण्याचं पाणी आधी बदला. घरी पाणी बोअरचं येतं की विहिरीचं, ते इथे कळवा.