जोडीदाराने कधी हात उचललेला नाही, पण त्याची भीती वाटते. याला छळ म्हणायचं का?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. दोन वर्षं एकत्र राहताना एकदाही मार बसलेला नाही, तरी दारात त्याची चावी वाजली की पोटात गोळा येतो, याला छळ म्हणायचं का? मधले चांगले दिवस खरंच चांगले असतात, त्यांचं काय? आणि हे सगळं त्याच्यासमोर बसून एकदा स्पष्ट बोलावं का? पहिल्या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकजणी तिथेच अडकतात.

मी काही वर्षं एका समुपदेशन केंद्रात काम केलंय. तिथे येणाऱ्या कितीतरी जणींचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "तसं फार काही नाही हो, मारत वगैरे नाही." एक बाई अशीच बोलत होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मधेच तिचा फोन थरथरला. वाक्य अर्धवट टाकून ती उठली, भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढून पाठवला, परत येऊन बसली आणि सोडलेलं वाक्य पुढे बोलू लागली. मी विचारल्यावर म्हणाली, "वेळ आणि जागा एका फोटोत कळते, मग सारखे फोन येत नाहीत." घड्याळ दिसेल पण केंद्राची पाटी दिसणार नाही अशी भिंत तिने आल्याआल्याच हेरून ठेवली होती. तिच्या लेखी ही कटकट टाळायची साधी युक्ती होती. तोवर नवऱ्याबद्दल तिने एक वावगा शब्द काढला नव्हता.

म्हणून मी सांगेन की सुरुवातीला त्याच्याकडे बघूच नका, स्वतःकडे बघा. गेल्या दोन वर्षांत तुम्ही काय काय सोडलंत? कुठल्या मैत्रिणीला फोन करणं बंद झालं, कुठले कपडे कपाटात मागे गेले, कुठला विषय काढायचा नाही हे मनात पक्कं झालं? घरी पोचायला वीस मिनिटं उशीर झाला तर वाटेत कारण जुळवून ठेवता का? त्याचा मूड दारातल्या पावलांवरून ओळखायची सवय लागली आहे का? भांडणं सगळ्यांच्या घरी होतात, रुसवेफुगवे होतात, आवाजही चढतात. पण भांडणानंतर दोघांनाही आपलं म्हणणं पुन्हा मांडता येतं. जिथे एकाच माणसाला प्रत्येक शब्द तोलूनमापून बोलावा लागतो, तिथे मामला वेगळा आहे.

दुसरी खूण त्याहून सोपी. एखाद्या लहानशा गोष्टीला "नाही" म्हटल्यावर काय होतं? आज बाहेर यायचं नाही, हा फोटो टाकू नकोस, आज मला जवळीक नको. समोरचा खट्टू होईल, वाद घालेल, तेवढं चालायचंच. पण तीन दिवस अबोला, जुनी उणीदुणी, "मग तुझं दुसरं कोणी असणार", किंवा "जीव देतो" अशी धमकी येत असेल, तर तुमच्या नकाराची किंमत वसूल केली जातेय. अशी किंमत दोनचारदा मोजली की माणूस नकार द्यायचंच सोडतो, आणि मग बाहेरून बघणाऱ्याला ते घर फार शांत वाटतं.

"रागाच्या भरात होतं त्याच्याकडून" हे समर्थन मी असंख्य वेळा ऐकलंय आणि मला ते पटत नाही. रागावर ताबा नसलेला माणूस साहेबावरही खेकसतो. ज्याला बाहेर सगळ्यांशी आदबीने वागता येतं आणि फक्त दार लागल्यावर जमत नाही, त्याचा ताबा शाबूत आहे. वस्तू फुटतात तेव्हा कोणाच्या फुटतात ते बघा. तुमचा फोन, आईने तुम्हाला दिलेलं घड्याळ, की त्याचा लॅपटॉप? ओरडणं ऐन भरात असताना त्याच्या मित्राचा फोन आला तर आवाज क्षणात मऊ होतो का?

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ शहरात १९८०च्या दशकात हिंसा सोसलेल्या बायकांच्या गटांशी बोलून, त्यांच्या अनुभवांवरून एक चक्र, म्हणजे चाकाच्या आकाराचं चित्र, तयार केलं गेलं. जगभरची केंद्रं आजही ते वापरतात. त्याच्या मधोमध "सत्ता आणि नियंत्रण" हे शब्द आहेत. भोवतीच्या आऱ्यांमध्ये धमकावणं, एकटं पाडणं, पैसा हाती ठेवणं, मुलांना मधे ओढणं, सतत कमी लेखणं, "असं काही झालंच नाही" म्हणणं. शारीरिक आणि लैंगिक हिंसा ही या चाकाची बाहेरची धाव. म्हणजे मारहाण नसली तरी चाक असू शकतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी हीच गोष्ट बळजबरीचं नियंत्रण म्हणून मांडली, आणि इंग्लंड व वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने असं वागणं स्वतंत्र गुन्हा ठरलं, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा. भारतातल्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यातही शारीरिक आणि लैंगिक छळाच्या बरोबरीने शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ लिहिलेला आहे, आणि लग्न न करता लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही त्याचा आधार घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात १५ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी जोडीदाराची हिंसा सोसल्याचा अंदाज आहे, पण तो आकडा फक्त शारीरिक आणि लैंगिक हिंसेचा. तुम्ही जे लिहिलंय ते त्यात धरलेलंच नाही.

हे एका दिवसात घडत नाही म्हणूनच ओळखायला जड जातं. सुरुवातीला तर तळहाताच्या फोडासारखं जपतात. महिन्याभरात "तूच माझं सगळं", लगेच एकत्र राहायची घाई, त्याच्या आधीच्या सगळ्या मैत्रिणी म्हणे डोक्याने बिघडलेल्या. (सगळ्याच? हा प्रश्न तेव्हाच मनात यायला हवा, पण तेव्हा तो कोणाला सुचत नाही.) मग हळूहळू माणसं तुटतात, आणि त्यासाठी कोणी मनाई करायची गरज नसते. तुम्ही बहिणीकडे निघालात की नेमकं त्याच दिवशी भांडण होतं, परत आलात की तोंड पाडून बसलेला असतो. चारपाच वेळा असं झालं की तुम्हीच म्हणता, जाऊ दे, कशाला. लोकेशन "काळजीपोटी" चालू ठेवायचं, पासवर्ड "आपल्यात काय लपवायचं" म्हणून द्यायचा, पगार "हिशेब मीच बघतो" म्हणून त्याच्या खात्यात. प्रत्येक गोष्ट सुटी बघितली तर समजूतदारपणाचीच वाटते. तीच मागणी उलट करून बघा: त्याचा फोन तुम्ही विचारल्याशिवाय उघडलात तर चालेल का? चारचौघांत तुमच्यावर विनोद होत असतील आणि तुम्ही दुखावलात की "तुला चेष्टा कळत नाही" ऐकावं लागत असेल, तर तेही याच माळेतलं. गर्भनिरोधनात ढवळाढवळ, मूल होण्यासाठी किंवा न होण्यासाठी दबाव, याबद्दल बायका सगळ्यात शेवटी बोलतात. पुरुषांच्याही वाट्याला हे येतं, समलिंगी जोडप्यांतही येतं, आणि त्यांच्यावर तर पटकन विश्वासही ठेवला जात नाही.

चांगल्या दिवसांबद्दल. ते खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये ताण वाढणं, स्फोट होणं आणि मग माफी-लाडीगोडी असं आवर्तन मांडलं. प्रत्येक नातं त्या साच्यात बसत नाही, काही घरांत माफीचा टप्पा येतच नाही. पण जिथे येतो तिथे बघायचं ते एवढंच की माफीनंतर काय बदललं. फुलं आली, डोळ्यात पाणी आलं, आणि पुढच्या वेळी तेच झालं, तर तो चांगला दिवस तुम्हाला थांबवून ठेवण्यापुरता कामी आला. "मी चुकलो" याच्यापुढे "पण तू तसं बोलली नसतीस तर" जोडलेलं असेल, तर ती माफी नाहीच.

तुमच्याकडे मारहाण नाही, तरी काही खुणा माहीत असू द्या, कारण त्या दिसल्यावर वाट बघायची नसते. सगळ्यात वर आहे गळा दाबणं, अगदी "एकदाच, गमतीत" असलं तरी. अमेरिकेतल्या २००८ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं की जोडीदाराने आधी गळा आवळला असेल तर पुढे त्याच्याकडूनच खून होण्याचा धोका सुमारे सातपट होतो. गळ्यावर वळ दिसत नाही म्हणून काही झालं नाही असंही नसतं, आतली सूज उशिरा त्रास देऊ शकते, तेव्हा डॉक्टरकडे जायचंच. घरात बंदूक असणं, जीव घेण्याची किंवा स्वतःचा जीव देण्याची धमकी, पाठलाग, गरोदरपणातली मारहाण, जबरदस्तीचा संबंध, हे सगळं अमेरिकी संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी धोका मोजण्यासाठी तयार केलेल्या प्रश्नावलीत आहे. आणि सोडून जाण्याचा काळ हाच अनेकदा सर्वांत जोखमीचा असतो. "सोडून का नाही गेली?" असं सहज विचारणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसतं.

आता शेवटचा प्रश्न, बोलावं का. साध्या बेबनावात मी हो म्हटलं असतं. पण तुम्हाला चावीच्या आवाजाची भीती वाटते, म्हणून माझं उत्तर नाही असं आहे, निदान एकट्याने आणि आत्ता तरी नाही. हे उत्तर त्याला दाखवू नका. "तू माझा छळ करतोस" असं ऐकून असा माणूस सहसा खजील होत नाही, सावध होतो, आणि नाकेबंदी वाढते. दोघांनी मिळून समुपदेशनाला जाण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही तूर्त बाजूला ठेवा, कारण त्याच्यासमोर तुम्ही मोकळेपणी बोलू शकणार नाही आणि बोललात तर त्याचा हिशेब घरी होईल. एकट्याने जा.

आधी एका माणसाला सांगा, जो त्याचा मित्र नाही आणि ऐकून लगेच त्याला फोन करणार नाही. महिलांसाठीच्या हेल्पलाइनवर बोलायला मारहाण झालेली असावी लागत नाही, आणि फोन केला म्हणजे तक्रार झाली असंही नाही. तो फोन मात्र तुमच्या मोबाइलवरून नको, ऑफिसचा किंवा मैत्रिणीचा वापरा. तुमचा फोन त्याच्या हाती जात असेल तर कॉलची यादी, सर्च केलेलं, हे पान, सगळं त्याला दिसू शकतं. घाबरून सगळे पासवर्ड एका रात्रीत बदलू नका, तो बदल त्याच्या लगेच लक्षात येतो. नवा ईमेल दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रावरून उघडा आणि घडलेल्या गोष्टी तारीख-वेळेसह, त्याच्याच शब्दांत, त्यावर लिहून ठेवा. ओळखपत्रं आणि बँकेच्या कागदांच्या प्रती त्या विश्वासातल्या माणसाकडे राहू द्या. पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नसलं तरी एवढी तयारी आजपासून करता येईल.